जगाला बसलेला धक्का आणि आपल्या घरातलं तारण

एका विद्यार्थिनीचा प्रश्न आला आहे. ती सोलापुरात अर्थशास्त्रात एम. ए. करते, आपल्या गल्लीवर प्रबंध लिहायचं म्हणते आणि तिचे वडील पूर्व भागातल्या एका टॉवेल कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, आहेत. तिने विचारलंय : "अमेरिकेत बँक बुडते, युक्रेनमध्ये युद्ध होतं, त्याचा विकसनशील देशांच्या वाढीवर आणि गरिबीवर नेमका कसा परिणाम होतो? पुस्तकात दिलंय की वाढीचा दर दोन-तीन वर्षांत पुन्हा जागेवर येतो. मग आमच्या गल्लीत २००९ नंतर जे गेलं ते परत का आलं नाही?"

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग मी आधी घेते, कारण खरा प्रश्न तोच आहे.

मी १९८७ ते २०२१ एका राष्ट्रीयीकृत बँकेत होते. त्यातली बावीस वर्षं सोलापूर शहर आणि जिल्ह्यात गेली. यंत्रमाग कारखानदारांची कॅश क्रेडिट खाती (मालाच्या तारणावर लागेल तसं उचलायचं कर्ज), शेतीकर्ज, बचत गट आणि बराच काळ सोनेतारण, अशी कामं केली. या नोकरीत माझ्या डोळ्यांदेखत १९९१, २००८, २०११ आणि २०२० ची संकटं येऊन गेली. त्यावरून माझं मत पक्कं झालंय ते असं : देशाचं उत्पन्न घसरतं तेव्हा आकडा खाली येतो आणि मग वर जातो. घर घसरतं तेव्हा काहीतरी विकून सावरतं. दागिना, माग, बैल, नाहीतर पोराची शाळा. पुढे काम परत सुरू होतं, पण विकलेली वस्तू परत येत नाही. त्यामुळे देश पूर्वीच्या पायरीवर पोचतो आणि ते घर दोन पायऱ्या खालीच राहतं. गरिबी इथे मोजायला हवी.

आता धक्का इथपर्यंत पोचतो कसा ते सांगते. २००८ चंच उदाहरण घेऊ. १५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली मोठी बँक बुडाली. तिचं सोलापुरात एकही खातं नव्हतं. आमच्या शाखेत त्या दिवशी कुणाला काही जाणवलंही नाही. जाणवायला लागलं दिवाळीनंतर, आणि तेही एकदम.

हे एकदम का होतं? एक साधा हिशेब करा. परदेशातलं एखादं दुकान महिन्याला १०० टॉवेल विकतं आणि गोदामात २०० ठेवतं, म्हणजे दोन महिन्यांचा माल. मंदी आली, विक्री ९० वर आली. आता दुकानदाराला गोदामातही १८० च पुरतात. म्हणजे त्या महिन्यात तो ९० विकणार, त्यातले २० गोदामातलेच काढणार आणि नवीन मागवणार फक्त ७०. विक्री घटली १० टक्के, ऑर्डर घटली ३० टक्के. त्याच्या मागचा आयातदारही आपलं गोदाम असंच हलकं करतो, त्याच्या मागचा निर्यातदारही. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीपर्यंत येईतो त्या दहा टक्क्यांचं काय झालेलं असतं याची कल्पना करा. २००९ मध्ये जगाचं एकूण उत्पादन दोन टक्क्यांपेक्षाही कमी घटलं होतं, पण जागतिक व्यापार सुमारे १२ टक्क्यांनी आपटला. धक्का उगमापाशी लहान असतो, शेवटच्या टोकाला मोठा होतो आणि शेवटच्या टोकाला बहुतेक वेळा आपल्यासारखे देश असतात.

या टोकाला पुढे काय होतं ते तुमच्या वडिलांना विचारा, ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. कारखाना बंद होत नाही. आधी एक पाळी बंद होते. मग आठवड्यातले चारच दिवस माग चालतात. कामगाराला कुणी काढत नाही, पण मजुरी विणलेल्या मालावर असल्यामुळे पगार अर्ध्यावर येतो. मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांचं काम त्याच्याही आधी आटतं. आणि आकडेवारीत यातलं एकही माणूस बेरोजगार नसतं. श्रीमंत देशात मंदी आली की बेकारीचा आकडा चढतो आणि सगळ्यांना दिसतो. आपल्याकडे प्रत्येकाच्या हाताला काम असतं, फक्त त्या कामातून घर चालत नाही. विकसनशील देशातल्या मंदीचा अभ्यास बेकारीच्या दरावरून करायला गेलात तर फसाल.

जानेवारी २००९ मधली एक दुपार मला अजून आठवते. सिद्धेश्वराची यात्रा जवळ आली होती, यात्रेचा बाजार, आमचा गड्डा, भरायच्या बेतात होता. भद्रावती पेठेतली एक बाई सोनेतारणाच्या काउंटरवर आली. हातरुमालात बांधून दोन पाटल्या आणि कानातली आणली होती. मी वजन करून घेतलं, सराफाने कस लावला. मी विचारलं, "अक्का, किती लागतात?" ती म्हणाली, "मॅडम, जेवढे बसतात तेवढे द्या. गळ्यातलं तेवढं ठेवलंय." फॉर्मवर कारण लिहावं लागतं. तिने सांगितलं : भाडं आणि दुकानाची उधारी. नवरा टॉवेलच्या मागावर होता. तीन महिने अर्धा पगार येत होता.

तारणाचं कर्ज एक वर्षाचं असतं. तिने वर्षभर व्याज भरलं, मग नूतनीकरण केलं. तोवर ऑर्डरी परत आल्या होत्या, माग तिन्ही पाळ्या चालत होते. देशाचा विकासदरही छान सावरला होता. पण वर्षभराची उधारी फेडता फेडता मुद्दल जमलंच नाही. शेवटी नियमाप्रमाणे नोटिसा गेल्या आणि पाटल्या लिलावात निघाल्या. सोन्याचा भाव त्या काळात भराभर वाढत होता, म्हणजे तिला पुन्हा तेवढं सोनं घेणं आणखी अवघड झालं. वाढीचा तक्ता पाहिला तर २००८-०९ हा एक छोटा खळगा दिसतो. तिच्या घरात तो खळगा भरला गेलाच नाही.

त्यांच्या घरात आणखी एक गोष्ट घडली होती, जी मला नंतर बचत गटाच्या बैठकीत कळली. विडीचं काम ती पूर्वीपासून करायची. नवऱ्याचा पगार घटल्यावर आठवीतली मुलगीही पाला कापायला बसली. असं एकाच घरात होत नाही, गल्लीभर होतं. विड्या वळणारे हात वाढले की कारखान्यातून पान-तंबाखू मोजून मिळू लागते आणि विड्या घेताना छाट, म्हणजे नापास केलेल्या विड्या, जास्त निघू लागते. म्हणजे टॉवेलवर आलेला धक्का विडीच्या मजुरीवरही बसतो, जरी एक विडी अमेरिकेला जात नसली तरी. मुलगी पुढच्या जूनमध्ये शाळेत परत गेली नाही. आज ती तिशीत असेल. तिच्या कमाईवर त्या एका हिवाळ्याचा परिणाम जन्मभर राहणार आहे, आणि तो कुठल्याही तिमाही अहवालात येणार नाही.

हा झाला मागणीचा धक्का. किमतीचा धक्का वेगळ्या वाटेने येतो. सोलापूरने तो २०१०-११ मध्ये पाहिला. जागतिक बाजारात कापूस मार्च २०११ मध्ये पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतर इतका भाव कधी झाला नव्हता. सूत महिन्या-महिन्याला चढत होतं आणि टॉवेलचा भाव मात्र आधीच ठरलेला. मग त्याच वर्षाच्या अखेरीस कापूस एक डॉलरच्या खाली आला. तुम्ही म्हणाल, उतरला तर बरंच झालं. नाही. खरी पडझड उतरताना झाली, आणि त्यात बँकेचा, म्हणजे माझाही, हात होता.

कारखानदाराला कॅश क्रेडिटमधून किती उचलता येईल हे त्याच्याकडच्या मालाच्या किमतीवर ठरतं. समजा सूत आणि तयार माल मिळून ४० लाखांचा साठा आहे. २५ टक्के मार्जिन, म्हणजे कारखानदाराचा स्वतःचा वाटा, वजा केलं की ३० लाख उचलता येतात. सुताचा आणि त्याबरोबर तयार मालाचाही भाव ३० टक्क्यांनी पडला. माल तेवढाच, पोती तेवढीच, पण किंमत २८ लाख. आता मर्यादा २१ लाख. म्हणजे ज्या महिन्यात गिऱ्हाईक पैसे अडकवून बसलंय, त्याच महिन्यात बँक म्हणते, वरचे ९ लाख भरा. तो कुठून भरणार? मिळेल त्या भावाला टॉवेल काढतो. सगळेच काढतात, म्हणून भाव आणखी पडतो, आणि पुढच्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये, म्हणजे बँकेला दिलेल्या साठ्याच्या हिशेबात, मर्यादा आणखी खाली येते. मी त्या वर्षी नियमाप्रमाणे काही खात्यांच्या मर्यादा कमी करण्याच्या शिफारशी केल्या. कागदावर त्यात काही चूक नव्हती. त्यातल्या एका छोट्या कारखानदाराने पुढच्या उन्हाळ्यात आपले आठ माग भंगारात किलोवर विकले. मी तपासणीला गेले तेव्हा फरशीवर मागांच्या पायांचे चौकोनी डाग तेवढे उरले होते. त्याला आणखी सहा महिने दिले असते तर ते माग वाचले असते, असं मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं. ते न दिल्याचं दुःख मी विसरलेले नाही.

आता हेच देशाच्या पातळीवर पाहा, कारण देशांशीही जगातले सावकार असंच वागतात. इंडोनेशियातल्या कंपन्यांनी १९९७ पूर्वी भरपूर कर्ज डॉलरमध्ये काढलं होतं. तेव्हा डॉलरला साधारण २,४०० रुपिया पडत. जुलै १९९७ मध्ये थायलंडचं चलन कोसळलं, परदेशी गुंतवणूकदार सगळ्याच शेजाऱ्यांकडून पैसा काढू लागले, आणि पुढच्या वर्षी डॉलरला १०,००० च्या वर रुपिया मोजावे लागले. कर्ज डॉलरमध्ये तेवढंच राहिलं, पण फेडायचं ओझं चौपट झालं. १९९८ मध्ये त्या देशाचं उत्पादन सुमारे १३ टक्क्यांनी घटलं. मेक्सिकोचं त्याआधी असंच झालं होतं. सत्तरच्या दशकात बदलत्या व्याजदराने कर्जं घेतली, १९८१ मध्ये अमेरिकेत व्याजदर वीस टक्क्यांच्या आसपास गेले आणि ऑगस्ट १९८२ मध्ये मेक्सिकोने हात वर केले. लॅटिन अमेरिकेत १९९० साली माणशी उत्पन्न १९८० पेक्षाही कमी होतं. दहा वर्षं म्हणजे एका मुलाचं अख्खं बालपण.

आणि आपण? ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं. तेल महागलं, आखातातली आपली माणसं परत आणावी लागली, त्यांच्याकडून येणारा पैसा थांबला. १९९१ च्या उन्हाळ्यात आपल्याकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं होतं. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने ४७ टन सोनं परदेशात तारण ठेवलं आणि त्याच महिन्यात रुपयाचं अवमूल्यन झालं. मी तेव्हा नोकरीत नवीन होते. देशाने सोनं गहाण टाकलं ही बातमी वाचून शाखेतली जुनी माणसं दिवसभर गप्प होती. देशाने ते सोनं सोडवलं. देशाला वेळ मिळाला आणि कर्ज देणाराही मिळाला. भद्रावती पेठेतल्या अक्कांना दोन्ही मिळालं नाही.

तुमच्या अभ्यासक्रमात हे सगळं अलीकडचं म्हणून शिकवलं जात असेल, पण आपल्या भागाला हा धडा दीडशे वर्षांपूर्वीच मिळालाय. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सोलापूरला रेल्वे १८६० मध्येच आलेली. दख्खनच्या शेतकऱ्याला सावकार मागेल तेवढं कर्ज देऊ लागले. १८६५ ला युद्ध संपलं, भाव पडला, सावकारांनी हात आखडता घेतला आणि त्याच सुमारास शेजारच्या इंदापूरसारख्या तालुक्यांत सरकारने शेतसाराही वाढवला. दहा वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. पाठोपाठ १८७६ चा दुष्काळ आला, तेव्हा ज्यांनी आधीच्या पडझडीत जमीन-बैल गमावले होते त्यांच्याकडे विकायला काहीच शिल्लक नव्हतं. धक्के एकामागून एक येतात तेव्हा दुसरा जास्त मारतो. पहिल्याने घरातला आधार काढून घेतलेला असतो.

अन्न, तेल आणि खत यांच्या किमतीबद्दल थोडक्यात. रशिया आणि युक्रेन मिळून जगाच्या गहू निर्यातीचा चौथ्या हिश्श्याहून जास्त वाटा उचलत होते. फेब्रुवारी २०२२ नंतर इजिप्तसारखा देश, जो गहू बाहेरून घेऊनच भाकरी देतो, दोन्हीकडून अडकला : गहू महाग आणि चलन घसरलेलं. डॉलरला १६ च्या आसपास असलेला इजिप्तचा पौंड दोन वर्षांत ५० च्या आसपास गेला. आपल्याकडे रेशन असल्यामुळे धान्याचा मार तेवढा बसला नाही, पण खाद्यतेलाचा बसला, कारण आपण निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात करतो आणि सूर्यफुलाचं तेल बरंचसं युक्रेनकडून येत होतं. त्या वसंतात नीलमनगरच्या किराणा दुकानात दहा रुपयांचं तेल मागणारी बाई दहा रुपयेच देत होती. बाटलीतली पातळी तेवढी खाली गेली होती. महिन्याचा किराणा एकदम भरणाऱ्याला भाववाढ पावतीवर दिसते, हिला ती कालवणात दिसते. खाणं बाकी वस्तूंपेक्षा जास्त महागतं तेव्हा, कमाईतला निम्मा पैसा खाण्यावर जातो त्या घराची महागाई सरकारी सरासरी महागाईपेक्षा जास्त असते, हे तुमच्या प्रबंधात जरूर लिहा.

खताचं ओझं सरकारने स्वतःवर घेतलं. युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपयांच्या आसपासच राहिली आणि २०२२-२३ मध्ये खतांवरचं अनुदान सुमारे अडीच लाख कोटींवर गेलं. मी याच्या बाजूने आहे. पण तो पैसा कुठूनतरी आला, आणि ज्या देशांना तो उभा करता येत नाही त्यांचा शेतकरी खतच कमी टाकतो. मग धक्का पुढच्या हंगामाच्या पिकात निघतो.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी : प्रत्येक धक्क्यात कुणाचंतरी भलंही होतं. २०२१-२२ मध्ये मराठवाड्यात-विदर्भात कापूस क्विंटलला १० हजारांच्या वर गेला. त्या शेतकऱ्याच्या घरात कित्येक वर्षांनी चार पैसे आले, आणि त्याच भावाने सोलापूरचा टॉवेल कारखानदार मेटाकुटीला आला. उलटंही होतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं, तेव्हा कापड उद्योगाला श्वास मिळावा म्हणून आपल्या सरकारने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क वर्षअखेरपर्यंत काढलं. इथल्या सुताला दिलासा, तिथल्या कापूसवाल्याच्या भावावर दाब. "विकसनशील देशावर परिणाम" असं एका वाक्यात लिहिलं की हे दिसत नाही. परिणाम देशावर होत नाही, देशातल्या वेगवेगळ्या माणसांवर वेगवेगळा होतो, आणि ओझं कुणाच्या खांद्यावरून कुणाच्या खांद्यावर सरकवायचं हे माणसंच ठरवतात.

आता वाढ आणि गरिबी यांचं नातं. पुस्तकात असतं की वाढ झाली की गरिबी घटते. लांब पल्ल्यात ते खरं आहे, १९९० नंतरच्या तीस वर्षांत जगाने ते पाहिलंय. पण खाली येताना आणि वर जाताना रस्ता एकच नसतो. श्रीलंकेचं उदाहरण ताजं आहे. एप्रिल २०२२ मध्ये त्या देशाने परदेशी कर्जाची परतफेड थांबवली. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार गरिबांचं प्रमाण वर्षभरात सुमारे १३ टक्क्यांवरून २५ टक्क्यांच्या आसपास गेलं, जवळपास दुप्पट. २०२४ मध्ये अर्थव्यवस्था ५ टक्क्यांनी वाढली, सगळीकडे कौतुक झालं. गरिबांचं प्रमाण तेव्हाही चोवीस-पंचवीस टक्क्यांच्याच घरात होतं. वाढ परतली, माणसं परतली नाहीत. २०२० मध्ये जगभरात सुमारे ७ कोटी माणसं अतिगरिबीत ढकलली गेली असा जागतिक बँकेचा अंदाज होता. यातली बरीचशी आधी गरिबीरेषेच्या जरा वर उभी होती. आपल्याकडे त्या रेषेच्या लगत वर फार दाटी आहे. म्हणून उत्पन्नातली छोटी घटसुद्धा एकदम खूप लोकांना खाली ओढते.

मग वाचवतं काय? माझा अनुभव सांगते : धक्का बसण्याआधी जे तयार असतं तेवढंच वाचवतं. नंतर जाहीर झालेल्या योजना बहुतेक उशिरा पोचतात आणि ज्याचं खातं आहे त्याच्यापर्यंतच पोचतात. २०२० मध्ये कर्जाच्या हप्त्यांना मार्चपासून ऑगस्टपर्यंत स्थगिती मिळाली, उद्योगांना थकबाकीच्या २० टक्के जादा कर्ज सरकारी हमीवर मिळालं. कारखानदाराला याचा खरोखर उपयोग झाला, मी स्वतः ती कर्जं मंजूर केली. पण त्याच्या मागावरचा कामगार आमचा कर्जदारच नव्हता. त्याने उचल घेतलेली मालकाकडून आणि बायकोने बचत गटातून. वीसपेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होत नाही, म्हणजे तिथूनही काढायला काही नाही. रोजगार हमी खेड्यापुरती, त्यामुळे शहरातल्या यंत्रमाग कामगाराला ती नाही. अमेरिकेत त्या वर्षी सरकारने मोठ्या माणसामागे १,२०० डॉलरचे चेक पाठवले. आपल्याकडे महिलांच्या जनधन खात्यात महिना ५०० प्रमाणे तीन महिने पैसे आले, आणि त्यासाठी बायका उन्हात आमच्या शाखेबाहेर चुन्याने आखलेल्या चौकोनांत उभ्या होत्या. खरा आधार दिला तो रेशनने, माणशी पाच किलो मोफत धान्याने. रेशनचं दुकान आधीपासून होतं म्हणून ते जमलं.

कामाची हमी काय करू शकते हे मी लहानपणी पाहिलंय. आमचं मूळ गाव सांगोला तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळात मी अकरा वर्षांची होते. आई पाझर तलावाच्या कामावर जायची, कामावर सुकडी मिळायची, घरात लाल मिलोची, म्हणजे बाहेरून आणलेल्या लाल ज्वारीची, भाकरी असायची. वैरण नव्हती म्हणून आमचे दोन्ही बैल गेले. जमीन मात्र गेली नाही, आणि माझी शाळा सुटली नाही. त्या कामांतूनच पुढे महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा झाला १९७७ मध्ये आणि २००५ मध्ये तो विचार देशभर गेला. मी बँकेत अधिकारी झाले याचं श्रेय मी त्या तलावाच्या मातीला देते. शहरातल्या मागावरच्या माणसासाठी असं काही उभं राहावं असं मला मनापासून वाटतं. पाळी बंद पडली की पहिल्याच आठवड्यात सुरू होणारं आणि कुणाच्या शिफारशीशिवाय मिळणारं. सहा महिने जरी तग धरता आला तरी पाटल्या वाचतात.

शेवटी तुमच्या प्रबंधाबद्दल, कारण तुम्ही गल्लीचाच अभ्यास करायचं म्हणताय असं दिसतं. "संकटात तुमचं उत्पन्न किती घटलं?" असं विचारू नका. आठवड्याच्या मजुरीवर जगणाऱ्याला तो आकडा सांगता येत नाही आणि मग तो तुम्हाला बरं वाटेल असं काहीतरी सांगतो. विचारा : त्या वर्षी घरातून काय गेलं? सोनं, माग, शिलाई मशीन, जागा? कुणाची शाळा सुटली? ते परत कधी आलं? २००८, २०११, २०२० असं सालवार विचारण्यापेक्षा "थोरलीच्या लग्नाआधी की नंतर" असं विचारलंत तर उत्तर बिनचूक मिळेल. भंगारवाल्यांशीही बोला, कुठल्या वर्षी किती माग आले हे त्यांना लख्ख आठवतं. बायकांना भेटायचं तर त्या कारखान्यात विड्या देऊन आल्यावर, दुपारनंतर जा. घरात तेलुगू चालत असेल तर तेलुगूतच बोला. आणि ज्या दिवशी नळाला पाणी येणार असेल तो दिवस सोडा, त्या दिवशी कुणालाच बसायला वेळ नसतो.